कोंबड्यांशेजारची खुर्ची

रविवारी सकाळी एलादियो सिंत्रोन कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकून दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून बसायचा. त्या वीस मिनिटांत कुणी बोललेलं त्याला खपत नसे, आणि त्याची बायको ओब्दुलिया नेमकी त्याच वीस मिनिटांत बोलायची, कारण एरवी तो एका जागी सापडत नसे. सोळाव्या वर्षापासून हे हात कोंगावर, त्या हातांनी वाजवायच्या उंच ढोलावर, पडत आले होते. सत्तरी आली तरी एलादियोच्या कोंगांवर खेचराचंच कातडं ताणलेलं असायचं. प्लास्टिकचं कातडं लावणाऱ्या नव्या मंडळींना तो बादलीवाले म्हणायचा. त्याच्या तळव्यांचं कातडं कधीच खेचराच्या तोडीचं झालं होतं. सांध्यांनी मात्र आता उघड बंड पुकारलं होतं.

"आज सांगणार आहेस, की आणखी पस्तीस वर्षं हात भिजवत बसणार आहेस?" ओब्दुलियाने विचारलं.

एलादियोने हात आणखी खोल बुडवले. त्या दिवशी त्यांच्या मुलीचा, नेरेइदाचा, पस्तिसावा वाढदिवस होता आणि त्यासाठी तिचा धर्मपिता मोन्सेर्राते किलेस त्यांच्या मूळ बेटावरून, मायाग्वेसहून, ब्राँक्सला आला होता. विमानाचा प्रवास डॉक्टरांनी आता पुरे म्हणून सांगितलं होतं, म्हणजे ही त्याची शेवटची खेप. मंगळवारी तो परत जाणार होता. आणि मोन्सेच्या डोक्यावर पस्तीस वर्षं जे खापर फुटत आलं होतं, ते मुळात एलादियोच्या डोक्यावर फुटायला हवं होतं. हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं: एलादियोला, मोन्सेला, आणि एलादियोच्या पोटात राहिलं नाही म्हणून ओब्दुलियाला.

खापर कसलं, तर क्लावे उलटी केल्याचं. क्लावे म्हणजे दोन लाकडी काठ्या आणि त्यांचे पाच ठोके, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. पियानो असो, कर्णे असोत, गाणारा असो, सगळ्यांनी या पाच ठोक्यांवर बसायचं. तीनच्या बाजूला जे यायला हवं ते दोनच्या बाजूला आणलं की सगळा डोलारा उलटा. बाहेरच्या माणसाला पत्ताही लागत नाही, तो आपला टाळ्या वाजवत राहतो. पण आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या दारूचं, कुणाच्या दुसऱ्या बाईचं, फार काय कुणाच्या तुरुंगवासाचंही चारचौघांत हसून सांगतात. क्लावे उलटी केलेल्या माणसाचं तसं नाही. त्याचं नातवंडांपर्यंत पोचतं.

अठ्ठावन्न सालच्या सप्टेंबरात फुल्हेन्सियो रोसादोच्या वाद्यवृंदाची तबकडी ध्वनिमुद्रित होत होती. फुल्हेन्सियो पियानो वाजवायचा, जाझची सगळी चाल त्याच्या डोक्यात, आणि तालाच्या बाबतीत माणूस कसाई. उलटी क्लावे ऐकली म्हणून दोन कोंगावाल्यांना त्याने तालमीतूनच घरी पाठवलं होतं. कोंगावर एलादियो होता. समोर तिंबालवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या त्या दोन पितळी ढोलांवर, मोन्से. दुपारी मधल्या सुट्टीत एलादियोने इस्पितळात फोन लावला. मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप होती. तो परत आला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि फुल्हेन्सियोने लगेच शेवटचा तुकडा लावला.

त्यात एका जागी सगळे थांबतात, काठ्यासुद्धा गप्प होतात, आणि कोंगा एकटा वाजतो. मग तिंबाल एक लांब हाक देतो आणि त्या हाकेवर सगळे पुन्हा आत येतात. एलादियो एकटा वाजू लागला. असं वाजवलं म्हणता, की आयुष्यात पुन्हा तसं झालं नाही. आणि त्या भरात एक बाजू तो जास्त वाजवून बसला. शेवटाला आल्यावर त्याला कळलं, की आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत. पाचावर धारण बसली. त्याने समोर पाहिलं. मोन्सेलाही कळलं होतं. मोन्सेने हाक बरोबर जागी दिली असती तर कोंगा तेवढा तोंडघशी पडला असता, आणि दोन तासांच्या मुलीचा बाप त्याच संध्याकाळी बेकार झाला असता.

मोन्सेने हाक एलादियोच्या बाजूला दिली. सगळा वाद्यवृंद त्या हाकेमागे उलटा आत शिरला.

एकट्या कोंगाच्या त्या घोळात कोण कुठे सरकलं हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ठळक ऐकू येते ती हाक. फुल्हेन्सियो मोन्सेवर तुटून पडला. वेळ संपली होती, पुढचा कर्ण्याचा तुकडा फार सुरेख साधला होता, त्यामुळे तबकडी तशीच निघाली आणि गाजली. महिन्याच्या आत मोन्सेची जागा गेली. कोंगावर एलादियो पुढे बावीस वर्षं राहिला. मोन्से लग्नाकार्यांत वाजवत राहिला, मग कंटाळून बेटावर गेला. त्याला एल क्रुसादो, म्हणजे उलटा, हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि एलादियो मूग गिळून बसला. पहिली दोन वर्षं भीतीने, नंतर लाजेने, आणि त्यानंतर निव्वळ सवयीने.

"आज सांगतो," हात पुसत एलादियो म्हणाला.

"सगळ्यांसमोर," ओब्दुलिया म्हणाली. "माझ्यासमोर नको. मला पाठ आहे."

---

जळून गेलेल्या इमारतीच्या मोकळ्या जागेत मंडळींनी बेटावरच्यासारखं लाकडी घरकूल उभारलं होतं, निळं-गुलाबी रंगवलेलं, समोर ओटा, मागे कोंबड्यांचं खुराडं आणि कुंपणाला लागून हट्टाने वाढवलेली तुरीची चार झाडं. या कासितावर राज्य होतं दोन्या रामोनिताचं, म्हणजे रामोनिताबाईंचं. वय चौऱ्याऐंशी, वजन कोंबडीपेक्षा थोडं जास्त. अठ्ठावन्न साली ती त्याच वाद्यवृंदात मागे उभी राहून गायची आणि क्लावेच्या काठ्या वाजवायची. त्या काठ्या अजून तिच्या हातात होत्या, आणि मोन्सेला उलटा हे नाव ठेवणारीही तीच.

तिच्या राज्यात एकच कायदा होता. वाजवताना कुणी क्लावे उलटी केली, की ती काठ्या मांडीवर ठेवायची. सगळं थांबायचं. मग गुन्हेगाराने उठून कोंबड्यांशेजारच्या खुर्चीत बसायचं आणि पुढच्या भाताला लागतील तेवढ्या तुरीच्या शेंगा सोलायच्या. चार झाडांच्या शेंगा मूठभर, म्हणून बाजारातून गोणी आणलेली असायची. त्या खुर्चीत मोठमोठे बसून गेले होते. पाच देशांत कार्यक्रम करून आलेला एक पियानोवाला तिथे बसून रडला होता. एलादियो त्या खुर्चीत कधीच बसला नव्हता, आणि याचा रामोनिताला फार अभिमान होता.

दुपारी नेरेइदा गाडीतून मोन्सेला घेऊन आली. मोन्से वाळला होता. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला टोपी, आणि उजवा हात खिशात. तो हात त्याने खिशातून काढला नाही हे एलादियोच्या लगेच ध्यानात आलं. तालवाल्याची नजर आधी हातावर जाते. वसंतात मेंदूचा झटका येऊन गेल्याचं फोनवर कळलं होतं. हाताचं कुणी बोललं नव्हतं.

"पाद्रिनो, आशीर्वाद," नेरेइदाने धर्मपित्याकडे सगळ्यांदेखत पुन्हा मागितला, कारण गाडीतला कुणी ऐकला नव्हता.

"देव तुझं भलं करो, पोरी," मोन्से म्हणाला आणि डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं.

दोघा म्हाताऱ्यांनी मिठी मारली. मोन्सेने एलादियोच्या पोटावर टिचकी मारून विचारलं, की कोम्पाद्रे, कोंगा गिळलास की काय. एलादियो म्हणाला, की तुझ्या वाटचंही मीच खातोय, तुझ्याकडे बघून कळतंच आहे. मुलीचा धर्मपिता झाला की मित्राचा कोम्पाद्रे होतो, आणि कोम्पाद्रेशी वाकडं बोलायचं नसतं असं म्हणतात. या दोघांना ते कुणी शिकवलं नव्हतं.

रामोनिता ओट्यावरून उठली नाही. तिने शेंगांची टोपली पायाने पुढे सरकवली. "ये, उलटा. तुझी जागा झाडून ठेवली आहे."

सगळे हसले, मोन्से सगळ्यांत जास्त. नेरेइदा मात्र हसली नाही. लहानपणापासून ती हे ऐकत आली होती. शाळेत एकदा तिने याच नावावरून एका मुलाचं नाक फोडलं होतं. एलादियोने बायकोकडे पाहिलं. ओब्दुलियाने नुसती भुवई उचलली.

एलादियो ओट्याच्या पायरीवर चढला. त्याने घसा साफ केला आणि सांगून टाकलं. फोनचं सांगितलं, एक बाजू जास्त वाजवल्याचं सांगितलं, मोन्सेने कशी हाक आपल्या बाजूला दिली ते सांगितलं. घामाने त्याची पाठ भिजली. बोलून झाल्यावर त्याने मान खाली घातली.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कुणीतरी म्हणालं, मित्राचा दोष अंगावर घेतो, याला म्हणतात कोम्पाद्रे. एका बाईने डोळ्याला पदर लावावा तसा एप्रन लावला. नेरेइदाने येऊन बापाच्या गालाचा मुका घेतला आणि कानात म्हणाली, की पाद्रिनोसाठी तुम्ही हे केलंत हे मी विसरणार नाही. एलादियोला वाटलं आपण पोर्तुगीजमध्ये बोललो की काय. तो पुन्हा सांगू लागला, आवाज चढवून, तर मोन्सेनेच त्याला अडवलं.

"ऐकू नका त्याचं," मोन्से म्हणाला. "वयाने हळवा झालाय. हाक माझी होती. तबकडी लावून बघा."

"तबकडी आम्हाला पाठ आहे," रामोनिता म्हणाली. "एलादियो, तू चांगला माणूस आहेस. आता खाली उतर, भात निवतोय."

खोटं सांगितल्यावर कुणी विश्वास ठेवला नाही तर माणूस समजू शकतो. पस्तीस वर्षांनी धीर करून खरं सांगावं आणि त्यावर टाळ्या पडाव्यात, याचा एलादियोला असा संताप आला, की त्याने डुकराच्या भाजलेल्या खांद्याचा तुकडा न चावता गिळला. ओब्दुलियाने त्याच्या ताटात भात वाढला.

"उशिरा बोललेलं खरं लोकांना औदार्य वाटतं," ती म्हणाली. "लवकर बोलला असतास तर दोन शिव्या खाऊन मोकळा झाला असतास."

"आता काय करू?"

"मला काय विचारतोस. मी शिवणकाम करते."

---

जेवणं झाली, छोट्या कपांतून कॉफी झाली आणि वाद्यं लागली. एलादियोने पाना घेऊन कोंगाचं कातडं आवळलं, कान लावून टिचकी मारली, पुन्हा आवळलं. दोन गाणी झाल्यावर नेरेइदाने मागणी केली ती तिच्या जन्माच्या दिवशीच्या त्या तुकड्याची, आणि तीही पाद्रिनो तिंबालवर असतील तरच. मोन्से नाही म्हणाला. पाय दुखतात म्हणाला, चष्मा विसरलो म्हणाला, जणू तिंबाल वाचायचा असतो. सगळी गल्ली हट्टाला पेटली. शेवटी त्याने उजवा हात खिशातून काढला, काठी त्या बोटांत डाव्या हाताने बसवली आणि उभा राहिला.

सुरुवातीला डाव्या हाताने त्याने निभावून नेलं. घंटेवर, कडेवर, अशा चलाखीने, की बघणाऱ्याला वाटावं ही त्याची नवी ढब आहे. एलादियोला तेवढ्यानेच भरून आलं. पण पियानोच्या तुकड्यानंतर एक लहानशी हाक होती, दोन हातांची, आणि तिथे उजवा हात उशिरा आला. तो उचलायलाच त्याला वेळ लागत होता, क्लावेची एक पुरी बाजू. हाक कशीबशी बुजली. मोन्सेच्या वरच्या ओठावर घाम आला. रामोनिताची मान किंचित वळली.

आता ती जागा आली. सगळे थांबले. काठ्याही थांबायच्या होत्या, पण रामोनिताचा आता कुणावर भरवसा नव्हता. ती गुडघ्यावर हलकेच ठोकत राहिली, ओट्याजवळच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. आणि एलादियो एकटा वाजवू लागला.

वाजवताना तो मोन्सेचा हात बघत होता. सोळा घरं, म्हणजे क्लावेच्या सोळा बाजू, वाजवायची, मग मोन्सेची लांब हाक, आणि तो हात वेळेवर येणार नाही हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. हाक एक बाजू उशिरा पडेल, दोनच्या बाजूला. रामोनिता काठ्या मांडीवर ठेवील. मोन्से आपल्या धर्मकन्येसमोर, तिच्या वाढदिवसाला, त्या लुळ्या हाताने शेंगा सोलायला बसेल, आणि मंगळवारी उलटा म्हणूनच विमानात चढेल. एलादियोला पुढचं सुचायला काही वेळ लागला नाही. खरं म्हणजे सुचायचं होतं काय, त्याला हे एकदा कुणीतरी करून दाखवलं होतं.

सोळावं घर आलं. तिथे थांबायचं सोडून एलादियोने आणखी एक बाजू वाजवली. गुपचूप नाही. दुखऱ्या तळव्यांनी, पूर्ण ताकदीने, एकेक ठोका सुटा, की खुराड्यातल्या कोंबड्यांनाही कळावं आता उलटं झालं ते. मोन्सेने चमकून वर पाहिलं. त्याचा उजवा हात तोवर वर आला होता. त्याला हवा होता तेवढाच वेळ त्याला मिळाला होता, आणि हाक पडली, लांब, गोल, दोन्ही हातांची, बरोबर कोंगाच्या पाठोपाठ. कर्णे त्या हाकेमागे उलटे आत शिरले.

रामोनिताने काठ्या मांडीवर ठेवल्या.

सगळं थांबलं. एक कर्णा मागाहून थांबला. नेरेइदा तोंडावर हात ठेवून उभी होती. मोन्से काही बोलायला गेला, की चूक माझी, हात माझा... पण रामोनिताने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती एलादियोकडे बघत होती. बराच वेळ बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते, ठोके मोजावेत तसे.

"आधी कोंगा गेला," ती म्हणाली. "तिंबाल त्याच्यामागून गेला."

तिने मांडीवरच्या काठ्यांकडे पाहिलं.

"त्या दिवशी माझ्या काठ्या गप्प होत्या," रामोनिता म्हणाली. "मी मोजायला हवं होतं."

एलादियोने कोंगा बाजूला सारला, शेंगांची टोपली उचलली आणि कोंबड्यांशेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. त्याला लाज वाटेल असं त्याला वाटलं होतं. प्रत्यक्षात त्याला मोठ्या जेवणानंतर पट्टा सैल केल्यासारखं वाटलं. आता आजची बाजू त्याने जाणूनबुजून वाजवली होती, म्हणजे एका अर्थी ही फसवणूकच, पण खरं सांगून टाळ्या मिळाल्यावर माणसाने दुसरं काय करायचं. ओट्यावरून ओब्दुलिया त्याच्याकडे बघत होती. तिने भुवई उचलली नाही. तिने पदार्थ चाखून मीठ बरोबर असल्यावर हलवते तशी मान हलवली.

पहिली शेंग फुटेना. बोटं ताठली होती, नख लागत नव्हतं. दुसरी निसटून कोंबडीने पळवली. तेवढ्यात आणखी एक खुर्ची फरफटत आली आणि मोन्से शेजारी बसला.

"मुद्दाम केलंस," मोन्से म्हणाला.

"तूही मुद्दामच केलं होतंस."

"माझी गोष्ट वेगळी. तुला मुलगी झाली होती. आनंदाने चुकलेल्या माणसाला एकटा सोडायचा का?" त्याने टोपलीतून डाव्या हाताने एक शेंग उचलली आणि उघडता येईना म्हणून एलादियोपुढे धरली. "नोकरी गेल्याचं वाईट वाटलं मला. खोटं कशाला बोलू. पुष्कळ वाटलं. पण नेरेइदा दरवर्षी फोन करून आशीर्वाद मागायची, तेव्हा वाटायचं, स्वस्तात पडलं."

एलादियोने शेंगेचं एक टोक धरलं, मोन्सेने दुसरं धरलं, आणि दोघांनी मिळून ती उघडली. तुरीचे पाच दाणे निघाले. तीन बरे होते, दोन किडके. अशा वेगाने एक गोणी सोलायची म्हणजे मंगळवारचं विमान चुकणार हे उघड होतं.

ओट्यावर रामोनिताने काठ्या पुन्हा हातात घेतल्या. वाजवायला सुरुवात करण्याआधी ती खुराड्याच्या दिशेने वळली आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला त्याच्या नावाने हाक मारली.

"मोन्सेर्राते," ती म्हणाली. "त्याला मदत करू नकोस. त्याची शिक्षा आहे, त्याची त्याला सोलू दे."

मोन्सेने टोपी काढली, डोळे पुसले, टोपी परत घातली. "हो, दोन्या," तो म्हणाला, आणि टोपलीतून पुढची शेंग उचलली.